टाकलेल्या वस्तू उचलून खरंच पैसे वाचतात का? माझ्या वहीतला हिशोब

वेचणारी

दोन वर्षांपूर्वी मी एक वही सुरू केली. लोकांनी टाकून दिलेली जी वस्तू मी उचलून घरी आणेन, तिची त्यात नोंद करायची. रकाने चारच: काय आणलं, कोणत्या अवस्थेत होतं, हे मिळालं नसतं तर काय विकत घ्यावं लागलं असतं, आणि प्रत्यक्ष वापरात कधी आलं.

वही सुरू करायचं कारण घरातलं एक भांडण. मी म्हणायचे, यात आपले पैसे वाचतात. घरचे म्हणायचे, यात आपली जागा जाते. दोघांपैकी कुणाकडेच आकडा नव्हता.

आता आहे. दोन वर्षांत ६४ नोंदी झाल्या. त्यातल्या २३ वस्तू आज रोजच्या वापरात आहेत. ९ मी दुरुस्त करून दुसऱ्यांना दिल्या. १४ पुन्हा टाकून द्याव्या लागल्या. १८ अजून तशाच पडून आहेत, आणि घरच्यांचं म्हणणं या १८ वस्तूंपुरतं शंभर टक्के खरं आहे.

मला हलवून सोडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ६४ पैकी २० वस्तू अशा होत्या की आणल्या त्याच दिवशी मला तिसरा रकाना भरता आला. म्हणजे 'पुस्तकांसाठी मांडणी घ्यायची होती, ती टळली' असं काहीतरी नेमकं. त्या २० पैकी १७ वापरात आल्या. उरलेल्या ४४ नोंदींपुढे मी 'कधीतरी लागेल' असं लिहिलं होतं. त्यातल्या वापरात आल्या फक्त ६.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी घरात काय लागणार आहे त्याची यादी भिंतीवर लावते आणि त्या यादीतली वस्तू दिसली तरच थांबते. सध्या यादीत सहा ओळी आहेत. उचललेली वस्तू ही बचत नव्हे, टळलेली खरेदी ही बचत, एवढं मला या वहीनं शिकवलं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. घरी लिहायला बसायची खुर्ची हवी होती. कचऱ्याच्या ढिगाशेजारी एक लाकडी खुर्ची दिसली. भरीव लाकूड, पाठ शाबूत, पण बसलं की चारही पाय वेगवेगळ्या दिशांना जायचे. मोडलेलं काहीच नव्हतं, सांधे सुटले होते. घरी आणून मी सांध्यांत पांढरा सुतारी गोंद ओतला आणि रात्रभर बांधून ठेवली. आठवड्यात पुन्हा सुटली. मग कळलं की नवा गोंद जुन्या गोंदावर धरतच नाही, त्याला कोरं लाकूड लागतं. पुन्हा सगळे सांधे उघडले, जुना पिवळा थर पटाशीनं खरवडला, काचकागद मारला आणि मग जोडली. त्याला चौदा महिने झाले. हा मजकूर त्याच खुर्चीवर बसून लिहिते आहे.

तुमचे अनुभव लिहा. काय उचलता, काय उचलत नाही, आणि का. फसलेलेही लिहा, त्यांचा उपयोग जास्त होतो.

लाकूडवेडा

ताई, खुर्चीचं निदान अगदी बरोबर. थोडी भर घालतो. खुर्ची फार जुनी असेल तर आतला तो पिवळा थर बहुतेक सरसाचा, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जुन्या गोंदाचा असतो. सरस कोमट पाण्यानं विरघळतो. सांध्यावर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं की तो मऊ पडतो आणि लाकूड न चिरता सांधा निघतो. हातोडीनं ठोकून सांधे उघडू नयेत, खाचेची कड फुटते.

क्लॅम्प नसेल तर दोरी पुरते. चारही पायांभोवती दोरीचे दोन फेरे घ्यायचे, मध्ये काठी अडकवून पीळ द्यायचा आणि काठी दांडीला बांधून टाकायची. पीळ देताना खुर्ची सपाट जागी ठेवा, नाहीतर वाकडीच सुकते.

लाकूड भरीव आहे की भुशाची दाबून केलेली पाटी आहे, हे ओळखायला कडेकडे बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली वळून पुढे चालू राहत असतील तर भरीव. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली आणि ती सुटलेल्या जागी आत भुसा दिसला, तर पाटी. पाटी एकदा पाण्यानं फुगली की संपली. तिच्यात स्क्रू धरत नाही आणि ती पुन्हा बसवताही येत नाही. पावसात भिजलेलं असं कपाट कितीही चकचकीत दिसलं तरी मी हात लावत नाही.

लाकूडवेडा

आधीच्या प्रतिसादात एक राहिलं. माल वाहून आणायच्या लाकडी पॅलेट बऱ्याच जणांना हव्या असतात, पण प्रत्येक पॅलेट घरात आणण्यासारखी नसते. देशाबाहेर जाणाऱ्या पॅलेटवर भाजून काढलेला शिक्का असतो. त्यात गव्हाच्या ओंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं आणि कीड मारण्याच्या पद्धतीची खूण असते. 'एचटी' म्हणजे उष्णतेनं, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं ठेवून. हे लाकूड वापरायला हरकत नाही. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. ते विषारी द्रव्य आहे, त्या पॅलेटचं फर्निचर करू नका आणि ती जाळूही नका. शिक्का नसेल तर मी एवढंच बघतो की त्यावर कसले डाग आहेत आणि कसला वास येतो. काय सांडलं होतं ते कळायला मार्ग नसतो, म्हणून डाग असलेली सरळ सोडून देतो.

हिरवट झाक असलेलं लाकूडही जपून. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून पूर्वी लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण मुरवत. अशा लाकडाचा भुसा श्वासात जाऊ देऊ नये, आणि शेकोटीत ते कधीच टाकू नये.

नवखा१

धागा वाचून पहिल्यांदाच लिहितो आहे. मला हे सगळं करायचंय, गरजही आहे. पण रस्त्यावरून एखादी वस्तू उचलताना कुणी ओळखीचं बघेल या विचारानं हात पुढे होत नाही. परवा एक चांगली खुर्ची तशीच सोडून आलो. तुम्ही सगळे यातून कसे गेलात?

सुईदोरा

नवखा, मी पहिली दोन वर्षं अंधार पडल्यावरच जायचे, तेव्हा तुमचं म्हणणं मला नीट कळतं. त्याचा तोटा असा होतो की अंधारात वस्तू नीट बघता येत नाही आणि भलतंच घरी येतं. माझी भीड मोडली ती विचारण्यानं. ज्यांनी बाहेर ठेवलंय त्यांच्या दारात जाऊन 'हे टाकायचंय का, मी नेऊ का?' एवढं विचारायला लागले. लोकांना आनंद होतो. पुष्कळदा आतून 'थांबा, अजून एक आहे' म्हणून दुसरी वस्तूही येते. आणि ती वस्तू का टाकली हेही कळतं, जे बाहेरून कधीच कळलं नसतं.

आता माझ्या विषयाचं लिहिते. मी कपडे आणि लोकर यांच्यातली.

टाकलेल्या स्वेटरमधून लोकर उसवून नवं विणता येतं, पण प्रत्येक स्वेटरमधून नाही. आधी आतून शिवण बघायची. पुढचा, मागचा आणि बाह्यांचा भाग वेगवेगळे विणून साध्या टाक्यानं जोडलेले असतील तर टाका कापा, भाग मोकळे होतात आणि धागा सलग निघतो. शिवणीच्या कडेला दाट ओव्हरलॉक (कापलेली कड उसवू नये म्हणून मशिननं घातलेले टाके) असेल तर तो स्वेटर विणलेल्या कापडातून कापून शिवलेला आहे. त्यातला धागा प्रत्येक ओळीला तुटतो आणि हातात वीतभर लांबीचे शेकडो तुकडे येतात. मी पहिल्या खेपेला संपूर्ण संध्याकाळ अशा एका स्वेटरवर घालवली होती.

लोकर शुद्ध आहे का हे बघायला एक छोटा धागा चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर जळक्या केसांसारखा वास देते आणि तिची राख बोटांनी चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

उसवलेली लोकर नागमोडी असते. तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतात. तिची लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा, न पिळता पाणी दाबून काढा आणि खाली हलकंसं वजन अडकवून टांगून वाळवा. सरळ होते.

आणि कॉलर! शर्ट टाकला जातो तो कॉलर विरली म्हणून. बाकीचा शर्ट नवा असतो. कॉलरची शिवण उसवून ती उलटी करून पुन्हा बसवली की विरलेली बाजू खाली जाते. अर्ध्या तासाचं काम आहे.

पानगळ

मी जरा वेगळं लिहिणार आहे. कुणाचा हिरमोड करायचा हेतू नाही.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. वाया जाऊ नये हा एकच विचार त्यामागे होता आणि तो विचार चांगलाच होता. ते गेल्यावर आम्ही तीन खोल्या रिकाम्या केल्या. सतरा पंखे निघाले, चालणारा एकही नाही. झाकणं नसलेल्या बरण्या, तळ नसलेल्या बादल्या, एकेक मोजडी. शेवटच्या वर्षी त्यांना त्यांच्याच खोलीत नीट चालायला जागा नव्हती आणि ते दोनदा पडले. त्या सगळ्यातली एकेक वस्तू त्यांनी 'कधीतरी लागेल' म्हणूनच आणली होती.

म्हणून वेचणारीताईंचा तो ४४ पैकी ६ हा आकडा वाचून मी बराच वेळ थांबले. माझ्या वडिलांनी अशी वही ठेवली असती तर त्यांना स्वतःलाच दिसलं असतं. माझी विनंती एवढीच, की या धाग्यावर जागेचाही हिशोब व्हावा. ज्या घरात आपण राहतो तिथली प्रत्येक चौरस फूट जागा आपण पैसे मोजूनच मिळवलेली असते.

वेचणारी

पानगळ, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी कालच्या कालच त्या १८ वस्तूंसमोर बसले. आता नियम असा करते: वस्तूला आणल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची आणि तीन महिने द्यायचे. तेवढ्यात हात लागला नाही तर ती कुणाला तरी द्यायची. शिवाय दुरुस्तीच्या रांगेत एका वेळी दोनच वस्तू. तिसरी दिसली आणि कितीही चांगली असली, तरी आधीची एक हातावेगळी होईपर्यंत ती घरात येणार नाही.

तारयंत्र

विजेच्या वस्तूंबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

टाकलेल्या विजेच्या वस्तूंत खूपशा वस्तूंना काहीही झालेलं नसतं. त्यांचा अडॅप्टर हरवलेला असतो, एवढंच. त्यामुळे अडॅप्टर ओळखता येणं ही सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी विद्या आहे. तीन गोष्टी जुळवायच्या. व्होल्ट वस्तूवर लिहिले आहेत तेवढेच हवेत, ना कमी ना जास्त. अँपिअर वस्तूवर लिहिलेत तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात, कारण वस्तू लागेल तेवढाच प्रवाह ओढते. आणि पिनेच्या आत धन आहे की ऋण, हे वर्तुळ आणि ठिपक्याच्या छोट्या चित्रात दाखवलेलं असतं, तेही जुळलं पाहिजे. बाहेर येणारा प्रवाह डीसी (एकाच दिशेनं वाहणारा) आहे का हेही बघा, काही जुने अडॅप्टर भिंतीतल्या विजेसारखा एसीच (दिशा बदलत राहणारा) देतात. ही खातरजमा केल्याशिवाय पिन बसते म्हणून खुपसू नका.

टेबलफॅन जड फिरत असेल तर बहुतेक वेळा बुशातलं, म्हणजे दांडा ज्या नळीत फिरतो तिच्यातलं, तेल सुकलेलं असतं. ते बुश सच्छिद्र धातूचं असतं आणि तेल धरून ठेवतं. पाती आणि जाळी काढून दांड्यावरचा केसांचा गुंता साफ करा, मशिनचं हलकं तेल दोन थेंब सोडा आणि हातानं फिरवत राहा. खायचं तेल नको, ते काही दिवसांत चिकट होतं. मोकळा फिरूनही हळूच चालत असेल तर कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा छोटा भाग) कमजोर झालेला असतो. तो बदलायला स्वस्त आणि सोपा, फक्त आकडे तेच हवेत.

आता जे उघडायचंच नाही ते. मायक्रोवेव्हच्या आत २००० व्होल्टच्या आसपासचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात जीव घेण्याइतका भार उरू शकतो. जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीचंही तसंच. रंगीत टीव्हीच्या नळीला २० हजारांहून जास्त व्होल्ट लागतात, ते नळीत साठून राहतात, आणि नळीच्या काचेत शिसं असतं. ही दोन खोकी मी स्वतः इतकी वर्षं काम करूनही रस्त्यावरून आणत नाही.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीबद्दल हमखास विचारतात. त्यात बहुतेकदा १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे सेल असतात, म्हणूनच त्यांना १८६५० म्हणतात. एखादी जोडी थकली की आतलं सर्किट अख्खी बॅटरी बंद करतं आणि बाकीचे सेल चांगले असूनही ती टाकली जाते. ते सगळं खरं आहे. पण ती फोडताना पेचकस सेलमध्ये घुसला तर आग लागते आणि ती आग सहजी विझत नाही. मोजल्यावर २ व्होल्टच्याही खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करू नये, आत तांबं विरघळलेलं असतं आणि नंतर आतल्या आत शॉर्ट होतो. शिकवणारं कुणी शेजारी बसलेलं नसेल तर हे करू नका. फुगलेली बॅटरी तर नुसती दाबूनही बघू नका.

कागदफूल

ढेकूण! कुणीतरी ढेकणांबद्दल लिहा. आम्ही एक छान गादीची खुर्ची आणली आणि पुढचं पूर्ण वर्ष त्यातच गेलं. वाचले त्याच्या कितीतरी पट जास्त पैसे घालवले. डोळ्यांना काही दिसलं नव्हतं.

सुईदोरा

कागदफूल, फार वाईट वाटलं वाचून. मी कापडाचंच काम करते म्हणून हे शिकावं लागलं.

मोठा ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा असतो, तो दिसतो. पिल्लं जवळजवळ पारदर्शक असतात आणि अंडी शिवणीत चिकटलेली. म्हणून किडा शोधू नका, खुणा शोधा: शिवणीच्या घडीत शाईच्या थेंबांसारखे काळे ठिपके आणि फिकट पिवळी साल. खुर्ची उलटी करून खालचं पातळ कापड टोकाला उचकटून टॉर्च मारायचा. स्क्रूची भोकं आणि लाकडी सांधेही बघायचे, ढेकूण फक्त गादीत राहत नाहीत.

रक्त न मिळता ते महिनोन्‌महिने जगतात, त्यामुळे वस्तू नुसती बाल्कनीत ठेवून देण्याचा उपयोग नाही. उन्हाचाही भरवसा नको, वरचं कापड तापतं आणि ते आत सरकतात. उष्णता आतपर्यंत पोचली पाहिजे. ४८ अंश तापमान ९० मिनिटं टिकलं तर अंडीही मरतात. कपडे असतील तर ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर अर्धा तास. लहान वस्तू डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना चार दिवस.

गादी आणि सोफा मी आणतच नाही. फुकटातलाही नाही. गादीच्या खुर्चीचा सांगाडा चांगला असेल तर कापड आणि भरण तिथेच काढून फक्त लाकूड आणते.

उंबरठा

एवढी माहिती आली, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. ज्या ढिगातून आपण वेचतो, त्याच ढिगावर कुणाचं तरी पोट आहे. कचरा वेचून जगणारी माणसं जगातल्या बहुतेक शहरांत आहेत. आपण आपले पैसे वाचवायला जातो तेव्हा त्यांच्या कमाईतला वाटा उचलतो का?

वेचणारी

उंबरठा, हा प्रश्न मलाही छळतो. मी वेचणाऱ्या बायकांशी बोलून स्वतःपुरता एक नेम केलाय, तो सांगते. त्यांची कमाई वजनावर आहे. धातू, पुठ्ठा, रद्दी, तारा, स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटल्या, याला भाव मिळतो. सुट्या सांध्यांची खुर्ची, फाटक्या पानांचं पुस्तक, विरल्या कॉलरचा शर्ट, तडा गेलेली कुंडी यांना वजनावर काही मिळत नाही, उलट ते वाटेतून बाजूला करायचं कष्ट पडतं. म्हणून मी दुसऱ्या प्रकाराला हात लावते, पहिल्याला नाही. दुरुस्तीतून निघालेले स्क्रू, पत्रे, तारा साठवून त्यांनाच देते. एकीनं तर मला सांगितलं की तुटक्या लाकडी वस्तू दिसल्या की ती आता माझ्यासाठी भिंतीला टेकवून ठेवते.

आणि ढीग विस्कटायचा नाही. पिशवी उघडली तर बांधून ठेवायची. आपण गेल्यावर तिथे कचरा पसरला तर शिव्या त्यांना बसतात, आपल्याला नाही.

तारयंत्र

उंबरठा यांच्या मुद्द्याला जोडून. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. म्हणजे ढीग आपल्या सगळ्यांना पुरून उरेल एवढा आहे. पण ताईंचा वजनाचा नेम मला पटला. मी आजवर तांब्याच्या तारा काढून घ्यायचो, त्या यापुढे सोडेन.

पोथीवाला

नवखा१ यांच्या संकोचाबद्दल आणि हक्काबद्दल दोन्ही एकत्र लिहितो.

आपल्या भाषेत यासाठी जुना शब्द आहे, उंछवृत्ती. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेला एकेक दाणा वेचणं म्हणजे उंछ, आणि राहिलेली कणसं वेचणं म्हणजे शिल. या वृत्तीनं जगणाऱ्याला हीन मानलेलं नाही, उलट ती सर्वांत शुद्ध उपजीविकांमध्ये गणली गेली, कारण तीत कुणाकडून काही मागावं किंवा हिसकावं लागत नाही. युधिष्ठिराच्या अश्वमेधात येऊन लोळणारं ते अर्ध्या सोन्याचं मुंगूस आठवा. त्याचं अर्धं अंग सोन्याचं झालं होतं ते उंछवृत्तीनं जगणाऱ्या एका कुटुंबाच्या दारात, आणि एवढ्या मोठ्या यज्ञात उरलेलं अर्धं काही सोन्याचं झालं नाही.

युरोपातही गरिबांना कापणीनंतर दाणे वेचू देण्याची जुनी रीत होती. चित्रकार मिले याचं १८५७ सालचं, वाकून दाणे वेचणाऱ्या तीन स्त्रियांचं चित्र प्रसिद्धच आहे. पण तिथल्या जमीनमालकांना हे सगळीकडे मान्य नव्हतं. इंग्लंडमधल्या न्यायालयानं १७८८ साली निकाल दिला की दाणे वेचण्याचा असा सर्वसाधारण हक्क कायद्यात नाही.

तो वाद आजही संपलेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली म्हटलं की रस्त्याकडेला ठेवलेल्या कचऱ्यावर खासगीपणाचा दावा करता येत नाही, पोलीस तो वॉरंटशिवाय तपासू शकतात. उलट जर्मनीत सुपरमार्केटच्या कुलूपबंद पेटीतून टाकलेलं अन्न काढणाऱ्या दोन विद्यार्थिनींना चोरीसाठी दोषी धरलं गेलं आणि घटनात्मक न्यायालयानं २०२० साली ते कायम ठेवलं. तेव्हा 'टाकलं म्हणजे कुणाचंच नाही' असं गृहीत धरू नका. कुलूप, कुंपण, आवार ओलांडायचं नाही, आणि शंका आली तर सुईदोरा म्हणतात तसं विचारायचं.

लाकूडवेडा

जुन्या रंगाबद्दल एक इशारा राहून गेला. जुन्या खिडक्या, दारं, पाळणे यांच्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, इतर अनेक देशांत त्याहूनही उशिरा. कोरडा काचकागद मारला की ते शिसं धूळ होऊन घरभर बसतं आणि रांगणाऱ्या मुलांच्या हातातून तोंडात जातं. घासायचंच असेल तर पाणी मारून, घराबाहेर, चांगला मास्क लावून. टाकलेला पाळणा बाळासाठी तर मुळीच नको.

हेल्मेटही नको. आतला फोम एकाच आपटण्यात दबून आपलं काम संपवतो आणि बाहेरून ओरखडाही दिसत नाही. मुलांच्या गाडीतल्या सीटचं तेच. चिरलेली शिडी, तापलेल्या खुणा असलेला एक्स्टेन्शन बोर्ड, हे पण सोडा.

गंजलेली हत्यारं मात्र जरूर घ्या. जुनी पटाशी, रंधा, कानस यांचं पोलाद पुष्कळदा आजच्या स्वस्त हत्यारांहून सरस असतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. कुणी सोड्याच्या पाण्यात चार्जर लावून विजेनं गंज काढत असेल तर धन टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस स्टील कधीही नको. त्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. आणि ते काम उघड्यावरच करा, हायड्रोजन निघतो.

पानगळ

जाता जाता एक ओळ: ज्यांच्या घरी दुरुस्त न झालेल्या वस्तू पडून आहेत त्यांनी आसपास रिपेअर कॅफे भरतो का ते बघावं. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला भरला, आता पुष्कळ देशांत भरतात. जाणकार माणसं तुमच्यासोबत बसून वस्तू दुरुस्त करतात. वडिलांच्या सतरातला एक पंखा मी तिथे नेला होता. आता तो चालतो. माझ्याच खोलीत आहे.

नवखा१

सगळ्यांचे आभार. सांगायला आलो आहे की ती खुर्ची अजून तिथेच होती. बेल वाजवून विचारलं. आजी बाहेर आल्या, म्हणाल्या, ने बाळा, माझ्या मिस्टरांची होती, जोडणारं कुणी मिळालं नाही. मी त्यांना ताईंच्या खुर्चीची गोष्ट सांगितली.

सांधे कोमट फडक्यानं सोडवले, खरवडले, जोडले, दोरीला पीळ देऊन दोन दिवस ठेवले. घट्ट झाली आहे. पण एक पाय जरा आखूड वाटतो, डुगडुगते. उरलेले तीन कापू का?

लाकूडवेडा

कापू नका! एक कापला की दुसरा लांब वाटतो आणि शेवटी स्टूल उरतं. आधी खात्री करा की फरशीच वाकडी नाही ना, खुर्ची दुसऱ्या जागी गोल फिरवून बघा. तरी डुगडुगली तर अगदी सपाट टेबलावर ठेवा आणि आखूड पायाखाली पोस्टकार्डाचे तुकडे एकेक करून सरकवा. डुगडुग थांबली की त्या तुकड्यांची जाडी मोजा. तेवढ्याच जाडीची लाकडी चकती त्या पायाला चिकटवा, कड काचकागदानं गोल करा. आणि झाल्यावर त्या आजींना एकदा बसवून दाखवा.

नवखा१

साडेतीन मिलिमीटर निघाले. चकती चिकटवली आहे. उद्या संध्याकाळी खुर्ची घेऊन त्यांच्याकडे जातो.